सिंह, बदाम आणि वडगावची लढाई

ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकीचं वय काढायचं असेल तर घोडा ज्या लोखंडी पट्टीवर बसवलेला असतो ती पट्टी आधी पाहावी. कंपनी आपल्या मालावर शिक्का मारायची. सुरुवातीला तो बदामाच्या आकाराचा असे: आत चार खण, प्रत्येक खणात कंपनीच्या नावाचं एकेक अक्षर. कापडाच्या गठ्ठ्यावर तोच शिक्का आणि बंदुकीवरही तोच, शेवटी व्यापारीच ते! अशा बंदुकांवर पुष्कळदा कारागिराचं नाव आणि सालही कोरलेलं सापडतं. १८०८ च्या सुमारास बदाम गेला आणि मागच्या पायांवर उभा राहून पंजात मुकुट धरलेला सिंह आला.

हे सगळं सांगायचं कारण आमच्या घराण्यातली ठासणीची बंदूक. ती संगमेश्वरजवळ थोरल्या चुलतभावाकडे असते, रीतसर परवान्यावर. वडगावच्या लढाईत मूळपुरुषाने ती गोऱ्या सोजिराच्या हातातून हिसकावली, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. वडगाव म्हणजे जानेवारी १७७९. पुण्यावर चालून आलेल्या कंपनीच्या फौजेला मराठ्यांनी कोंडीत धरलं आणि तह करायला लावला. तेव्हा बंदुका हाती लागल्या असतील यात नवल नाही.

मापं घेतली तेव्हा आशा वाटली. नळी ३९ इंच, तोंड पाऊण इंच. कंपनीने १७७१ पासून याच लांबीच्या नळीची बंदूक वापरली. पुढे १७९० च्या दशकात ब्रिटिश सरकारनेही हा नमुना उचलला, म्हणून त्याला 'इंडिया पॅटर्न' म्हणतात. म्हणजे वडगावही बसतं आणि नंतरची पन्नास वर्षंही!

पण पट्टीवर सिंह आहे. दर खंडेनवमीला हळदकुंकू लावून लावून त्याच्या आयाळीत लाल थर बसला आहे. घरातल्या बायकांनी त्याला देवीचं वाहन मानलं. थर ओल्या फडक्याने पुसला तर पंजातला मुकुट स्पष्ट दिसला. पुतण्याने शंका काढली, पट्टी मागाहून बदलली असेल. शंका रास्त होती. म्हणून पट्टी उतरवून पाहिली. लाकडातली खाच तिच्याशी केसभरही फट न ठेवता जुळते आणि कुठे नवं लाकूड डकवलेलं नाही. चकमकीचे भाग काढून केप लावायची सोय नंतर केली आहे, बुजवलेली भोकं दिसतात. पण पट्टी मूळचीच. तेव्हा वडगाव गेलं. खर्डा (१७९५) आणि असईही (१८०३) गेली.

खरी पंचाईत पुढेच आहे. दस्त्याच्या टोकाच्या पितळी पत्र्यावर इंग्रजी 'सी' आणि खाली ४७ असा आकडा आहे. पलटणीतली तुकडी आणि तिच्यातल्या बंदुकीचा क्रमांक असा कोरण्याची पद्धत होती. मुंबई इलाख्याच्या फौजेत रत्नागिरीकडचे शिपाई मोठ्या संख्येने होते, महार, मराठे आणि इतरही. तेव्हा आमचा पूर्वज बंदुकीच्या दुसऱ्या बाजूला नव्हता, तीच खांद्यावर घेऊन कवायत करत होता, ही शक्यता मला जास्त वाटते. सिद्ध मात्र काही होत नाही. जुनी झालेली हत्यारं हातोहात फिरतात, एखाद्या वाण्याकडूनही ती घरात आली असेल.

दादाला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पोरांना आता काय सांगायचं?" मी म्हटलं, "वडगावची गोष्ट सांग, सिंहाचीही सांग. आणि तो ४७ आकडा त्यांना वहीत उतरवून घ्यायला लाव." माडीवरच्या पेटीत मोडीतली काही कागदपत्रं आहेत. त्यात एखादा पेन्शनीचा कागद निघतो का, ते दिवाळीनंतर पाहणार आहोत.