चिन्हानंतरचा मजकूर : रेग्युलर एक्स्प्रेशनच्या इतिहासातील एक प्रश्न

ओळीतील एखाद्या ठरावीक चिन्हानंतरचा मजकूर तेवढा वेगळा काढणे हे संगणकावरील नित्याचे काम असले, तरी ज्या साधनाने ते केले जाते त्या रेग्युलर एक्स्प्रेशनचा, म्हणजे मजकुराची ठेवण सांगणाऱ्या सूत्राचा, जन्म या कामासाठी झालेला नव्हता. वॉरन मॅककलक आणि वॉल्टर पिट्स यांनी 1943 मध्ये मज्जापेशींच्या जाळ्याचे तार्किक प्रारूप मांडले होते. अशी जाळी कोणत्या घटनाक्रमांना ओळखू शकतात याचा शोध घेताना अमेरिकी तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लेनी यांनी 1951 मध्ये ही सूत्रे योजली आणि 1956 मध्ये ती प्रसिद्ध झाली. ‘शून्य किंवा अधिक वेळा’ या अर्थाची तारका (*) ही त्यांचीच देणगी होय. मात्र दिलेली चिन्हमाला सूत्रात बसते की नाही, एवढाच प्रश्न या गणितापुढे होता. तिच्यातला कोणता भाग हाती घ्यायचा, हा प्रश्न तेथे उद्भवतच नव्हता.

बेल प्रयोगशाळेतील केन थॉम्पसन यांनी ही सूत्रे क्यूईडी या संपादकात आणली आणि 1968 मध्ये शोधाची आपली रीत प्रसिद्ध केली; पुढे युनिक्स या कार्यप्रणालीचा एड हा संपादक आणि 1973 मधील ग्रेप ही आज्ञा यांतून ती सर्वत्र पोहोचली. ग्रेप जुळणारी ओळ सबंध दाखवीत असे. ओळीतला हवा तेवढाच तुकडा उचलण्याची सोय, 1979 च्या सातव्या युनिक्स आवृत्तीत दिसते त्याप्रमाणे, एड आणि सेड या संपादकांच्या कंसांनी केली, कारण कंसात जुळलेला भाग लक्षात ठेवून तो पुढे वापरता येई. त्या काळच्या वापरकर्त्यांच्या नोंदवहीत प्रत्येक ओळीत अपूर्णविरामाने (:) विभागलेले सात रकाने असत. तिच्यावर .*:\(.*\) हे सूत्र चालवले, तर कंसात केवळ सातवा रकाना येतो, कारण ‘कोणतेही चिन्ह कितीही वेळा’ सांगणारे .* शक्य तितके लांब जाऊन शेवटच्या अपूर्णविरामापाशीच थांबते. पहिल्या अपूर्णविरामानंतरचे सारे हवे असल्यास ^[^:]*:\(.*\) असे लिहावे लागते, येथे [^:] म्हणजे अपूर्णविरामाखेरीज कोणतेही चिन्ह.

तरीही जुळणीत खुद्द अपूर्णविराम सामील होतच असे. ही अडचण लॅरी वॉल यांच्या पर्ल भाषेने 1998 च्या 5.005 या आवृत्तीत दूर केली. (?<=:) ही मागे पाहणारी अट आधीचे चिन्ह तपासते, पण जुळणीत घेत नाही. त्यासाठी यंत्रणेला ठरावीक अंतर मागे जावे लागत असल्याने अटीतील मजकुराची लांबी निश्चित असणे तेथे बंधनकारक होते. जावास्क्रिप्टच्या प्रमाणकात ही सोय 2018 मध्ये आली.

देवनागरीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. युनिकोड संकेतप्रणालीत ‘कि’ म्हणजे क आणि वेलांटी अशी दोन स्वतंत्र चिन्हे असतात. त्यामुळे ‘किल्ला’ या शब्दातील क नंतरचा मजकूर मागितल्यास उत्तराचा प्रारंभ निराधार वेलांटीने होतो. वाचकाला जे एक अक्षर वाटते ते अखंड धरण्याचे नियम युनिकोडने केले खरे, परंतु ‘ल्ला’सारखी देवनागरी जोडाक्षरे त्या नियमांत अखंड ठरली ती 2023 च्या 15.1 या आवृत्तीत. मराठी कोश, सूची आणि अभिलेख हाताळणाऱ्या प्रत्येक साधनाने ही सीमा पाळली पाहिजे, कारण ती मोडली की शोधाचे उत्तर गणिताने बरोबर आणि वाचनात चूक ठरते.