अवधान आणि वाहनसुरक्षा (जव्हार-मोखाड्याच्या घाटरस्त्यांच्या संदर्भात)

सभोवतालच्या असंख्य गोष्टींपैकी मोजक्या गोष्टींवर मन एकवटण्याच्या आणि बाकीच्या बाजूला सारण्याच्या मानसिक प्रक्रियेला अवधान म्हणतात. रस्ता, वेग, आरसे, समोरची गाडी, कडेने चालणारी माणसे आणि स्वतःचे हातपाय यांचा मेळ वाहनचालकाला क्षणोक्षणी घालावा लागतो, आणि तो अवधानाच्या बळावरच घातला जातो. हे बळ मर्यादित असते. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा तालुक्यांतल्या घाटरस्त्यांवर ही मर्यादा विशेष स्पष्टपणे जाणवते.

परिसर व रस्ते : १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. जव्हार व मोखाडा हे त्यातील डोंगराळ तालुके असून येथे वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी या आदिवासी समाजांची वस्ती मोठी आहे. जव्हार शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मी. उंचीवर आहे. मनोरकडून विक्रमगड, जव्हार, मोखाडा असा चढत जाणारा रस्ता पुढे त्र्यंबकेश्वरला पोचतो. खोडाळ्याहून कसाऱ्याकडे आणि जव्हारहून डहाणू व सिल्वासाकडेही वळणावळणांचे रस्ते जातात. या तालुक्यांत रेल्वे नाही. दवाखाना, महाविद्यालय, बाजार, मजुरी या सर्वांसाठी एसटी, जीप किंवा दुचाकी हाच आधार असतो. त्र्यंबकेश्वर व शिर्डीला जाणाऱ्या गुजरातच्या यात्रेकरूंच्या गाड्या आणि पावसाळ्यात दाभोसा धबधबा पाहायला येणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या याच रस्त्यांवरून धावतात. त्यामुळे घाटाचे प्रत्येक वळण पाठ असलेला आणि ते प्रथमच पाहणारा असे दोन चालक येथे रोज समोरासमोर येतात.

संकल्पनेचा विकास : विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० मध्ये अवधानाचे सविस्तर विवेचन केले. एका कानावर पडणारा मजकूर लक्षपूर्वक ऐकणाऱ्याला दुसऱ्या कानावर पडणाऱ्या मजकुराचा अर्थ सहसा लागत नाही, हे कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये प्रयोगाने दाखवले. डोनाल्ड ब्रॉडबेंट यांनी १९५८ मध्ये याचे स्पष्टीकरण गाळणीच्या संकल्पनेने केले. अ‍ॅन ट्रीझमन यांनी १९६० च्या दशकात त्यात दुरुस्ती सुचवली : दुर्लक्षित माहिती पूर्णपणे गाळली जात नाही, ती क्षीण होऊन आत येते. डॅनियल कानेमान यांनी १९७३ मध्ये अवधान ही एकूण मर्यादित असलेली मानसिक क्षमता मानली. उन्हाळ्यात मोखाड्यातील बाया दुरून डोक्यावर आणतात त्या हंडाभर पाण्यासारखी ती असते : एका कामाला अधिक खर्चली की दुसऱ्याला तितकी कमी उरते.

सराव व सवय : पुरेशा सरावाने काही क्रिया आपोआप होऊ लागतात आणि त्यांना अवधान फारसे लागत नाही, हे रिचर्ड शिफ्रिन व वॉल्टर श्नायडर यांच्या १९७७ च्या संशोधनातून पुढे आले. रोज घाट चढणाऱ्या चालकाला गिअर बदलण्याचा विचार करावा लागत नाही, म्हणून रस्त्यासाठी त्याची क्षमता मोकळी राहते. मात्र हीच मोकळी क्षमता घरच्या काळजीत किंवा गप्पांत गुंतू शकते. शिवाय वळणापलीकडे नेहमीसारखा मोकळा रस्ताच असेल हे मन गृहीत धरते. नवख्या चालकाचे उलटे होते. त्याची सगळी शक्ती स्टिअरिंग, ब्रेक आणि दरीची भीती यांत खर्ची पडते, आणि समोरून येणाऱ्या एसटीसाठी काहीच शिल्लक राहत नाही. एकाचा धोका खात्रीतून येतो, दुसऱ्याचा दडपणातून.

अनवधानजन्य अंधत्व : डोळे उघडे असूनही समोरची वस्तू न जाणवणे याला हे नाव आहे. एरियन मॅक व अर्विन रॉक यांनी १९९८ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला. डॅनियल सायमन्स व ख्रिस्तोफर शाब्री यांच्या १९९९ मधील प्रयोगात लोकांना चित्रफितीतील चेंडूफेक मोजायला सांगितले होते. मध्येच गोरिलाच्या वेशातील व्यक्ती पडद्यावरून चालत गेली, तरी सुमारे निम्म्या लोकांना ती दिसली नाही. पावसाळ्यात खड्डे चुकवण्यात गुंतलेल्या चालकाला लाकडाची मोळी घेऊन कडेने जाणारी बाई याच कारणाने दिसत नाही. पौष महिन्यात संत निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकच्या रस्त्यांवर पायी दिंड्या असतात, तेव्हाही हा धोका असतो. ‘मला दिसलंच नाही’ हे चालकाचे म्हणणे अनेकदा खरे असते. ते खरे असते म्हणूनच वेग कमी ठेवणे हा त्यावरचा खात्रीचा उपाय आहे.

दक्षता व झोप : दीर्घकाळ टेहळणी करताना चूक होण्याचे प्रमाण पहिल्या अर्ध्या तासातच वाढते, हे नॉर्मन मॅकवर्थ यांनी रडारवर काम करणाऱ्यांच्या प्रश्नातून सुरू केलेल्या आणि १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले. जून ते सप्टेंबर या काळात घाटात धुके उतरते आणि सतत पाऊस असतो. अशा वेळी डोळे ताणून पाहणाऱ्या चालकावर हाच ताण पडतो. जागरणाचा परिणाम याहून गंभीर असतो. सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी खालावते, असे ड्रू डॉसन व कॅथरिन रीड यांना १९९७ मध्ये आढळले. या परिसरातील बोहाडा हा मुखवट्यांचा उत्सव रात्रभर चालतो. तो पाहून पहाटे दुचाकीवर घरी निघणारा तरुण दारूला शिवलेला नसला, तरी त्याची प्रतिक्रिया मंदावलेली असते. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर निघणाऱ्या कुटुंबांचे टेम्पो रात्री हाकले जातात, तेव्हा एका चालकाच्या डुलकीवर अनेकांचे प्राण अवलंबून असतात.

मोबाइल फोन : फोनवर बोलत असताना टक्कर होण्याचा धोका सुमारे चौपट होतो, असा निष्कर्ष डोनाल्ड रेडेलमायर व रॉबर्ट टिबशिरानी यांनी १९९७ मध्ये टोरांटोतील चालकांच्या अभ्यासावरून काढला. डेव्हिड स्ट्रेयर व विल्यम जॉन्स्टन यांच्या २००१ मधील प्रयोगात फोनवर बोलणाऱ्यांचे सिग्नल चुकण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक झाले. फोन हातात धरला काय किंवा हात मोकळे ठेवून बोलले काय, फारसा फरक पडला नाही, कारण हात रिकामे झाले तरी मन संभाषणात अडकलेलेच राहते. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणे वेगळे ठरते. त्याला रस्ता दिसत असल्याने अवघड जागी तो आपसूक थांबतो, फोनवरच्या माणसाला मात्र घाट दिसत नाही. मोखाड्याच्या अनेक भागांत रेंज तुटते आणि उंचावर आली की साठलेले संदेश एकदम वाजू लागतात. नेमक्या त्याच ठिकाणी वळण असेल, तर तो आवाजही घातक ठरू शकतो.

वेगाचे गणित : धोका ओळखून ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा काळ भारतीय रस्तारचनेच्या मानकांत २.५ सेकंद धरतात. ताशी ४० किमी. वेगाने गाडी तेवढ्यात सुमारे २८ मी., तर ताशी ६० किमी. वेगाने सुमारे ४२ मी. पुढे जाते. प्रत्यक्ष थांबण्याचे अंतर त्याहून अधिक असते. घाटातल्या आंधळ्या वळणावर इतका रस्ता पुष्कळदा दिसतही नाही. अमेरिकेत शंभर गाड्यांवर केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रस्त्यावरून नजर दोन सेकंदांहून अधिक काळ हटली की अपघाताचा वा थोडक्यात टळलेल्या अपघाताचा धोका किमान दुप्पट होतो, असे दिसले.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने वाहन चालवताना हातात धरून फोन वापरणे हे धोकादायक वाहनचालनात धरले गेले. पहिल्या गुन्ह्याला ६ महिने ते १ वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रु. दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मार्गदर्शक नकाशापुरता फोन वापरण्यास मुभा आहे, मात्र त्याने लक्ष विचलित होता कामा नये. व्यावसायिक चालकांसाठी दिवसाला ८ तास काम आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती अशी मर्यादा आहे. अरुंद घाटात उतरणाऱ्या गाडीने थांबून चढणाऱ्या गाडीला वाट द्यावी, हा नियमही वाहनचालनाच्या नियमावलीत आहे.

उपाय : भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोक मृत्युमुखी पडले. अपघाताच्या नोंदीत वेग, मद्य, फोन यांना रकाने असतात, पण विचारात हरवलेल्या मनाला रकाना नाही. म्हणून केवळ दंडाने हा प्रश्न सुटत नाही. माणूस चुकणारच हे धरून रस्ता बांधला पाहिजे : वळणाआधी ठळक फलक, आंधळ्या वळणावर बहिर्वक्र आरसे, भक्कम संरक्षक कठडे, धुक्यात चमकणाऱ्या कडारेषा आणि पादचाऱ्यांसाठी कडेला पुरेशी जागा. ही कामे पावसाळ्यापूर्वी झाली, तरच त्यांचा उपयोग आहे. चालकाने घाट लागण्यापूर्वीच फोन बंद करावा, वळणावर हॉर्न द्यावा, उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये न टाकता खालच्या गिअरमध्ये ठेवावी आणि झोप येऊ लागताच गाडी बाजूला घ्यावी. प्रवाशांनीही घाटात चालकाशी बोलणे टाळावे, त्याला फोन घेऊ देऊ नये, आणि तो जांभया देत असेल तर गाडी थांबवण्याचा आग्रह धरावा. गाडीतल्या प्रत्येकाचा जीव चालकाच्या अवधानावर अवलंबून असल्याने ते राखणे ही सर्वांचीच जबाबदारी आहे.