पेट्रोलची वाफ आणि विदर्भाचा उन्हाळा

वैशाखांतल्या दुपारीं वर्ध्याच्या एखाद्या पेट्रोलपंपावर क्षणभर उभें राहिलें म्हणजे उग्र वास नाकांत शिरतो आणि गाडीच्या टांकीच्या तोंडावर हवा थरथरतांना दिसते. गाडीवाला पैसे देतो ते सगळ्या पेट्रोलचे. पण त्यांतला थोडा अंश त्याच्या डोळ्यांदेखत आकाशांत निघून जात असतो. या उडून जाणाऱ्या अंशाची सरकारनें कधीं आणि कशासाठीं दखल घेतली, हा प्रश्न वरवर रूक्ष वाटेल. परंतु राज्यकर्त्यांस कशाचें भय वाटतें व कशाचें वाटत नाहीं, हें त्याच्या उत्तरावरून चांगलें समजतें.

आमच्या देशांत पहिलें भय आगीचें होतें. १८९९ चा पेट्रोलियमचा कायदा आणि त्याच्या जागीं आलेला १९३४ चा कायदा, दोहोंचा कणा एकच: तेलाची वाफ किती उष्णमानास ज्योतीशीं भपका घेते हें पाहावयाचें आणि त्यावरून तें किती धोक्याचें तें ठरवावयाचें. ही परीक्षा सर फ्रेडरिक एबल या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाची. त्याचें झांकणाचें पात्र इंग्लंडच्या १८७९ च्या कायद्यानें स्वीकारलें व ७३ अंश फॅरनहाइट ही सीमा घातली. आज आपल्या कायद्यांतील 'अ' वर्गाची सीमा २३ अंश सेल्सियस आहे, म्हणजे जवळजवळ तीच. गंमत अशी कीं, १९३४ सालींच वर्ध्यास अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि पुढें कुमारप्पांच्या देखरेखीखालीं मगनवाडींत रॉकेलऐवजीं घाणीच्या तेलावर जळणारा मगनदीप तयार झाला. सरकार खनिज तेलास कुलूप घालीत होतें आणि वर्धेकर त्याच्यावांचून कसें चालेल याच्या खटपटींत होते!

दुसरें भय गाडी बंद पडण्याचें. उन्हानें तापलेल्या नळींतच पेट्रोल उकळलें म्हणजे वाफेचा बुडबुडा वाट अडवितो व इंजिन उपाशी राहतें. जुने ड्रायव्हर अशा वेळीं पंपावर ओलें फडकें गुंडाळून स्वस्थ बसत, हें आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस आठवत असेल. वाफेचा जोर मोजण्याची 'रीड'ची रीत पेट्रोलच्या धंद्यांत रुळली ती अशाच गरजांपोटीं. तींत पेट्रोलचें पात्र १०० अंश फॅरनहाइट, म्हणजे ३७.८ अंश सेल्सियस, उष्णतेच्या पाण्यांत बुडवितात. थंड मुलखांतील मनुष्यास हा कडक उन्हाळा वाटेल. वर्ध्यास मात्र मे महिन्यांत पारा ४५ च्या आसपास खेळतो.

हवेचें भय आलें तें सर्वांच्या शेवटीं, आणि तेंही परदेशांतून. १९४३ च्या जुलैंत लॉस एंजेलिस शहरावर डोळे चुरचुरविणारें धुकें पसरलें, तेव्हां जपान्यांनीं विषारी वायु सोडला अशी भुमका उठली. पुढें एरी हागेन-स्मिट या मूळच्या डच शास्त्रज्ञानें दाखविलें कीं, पेट्रोलची वाफ आणि गाड्यांच्या धुरांतील नायट्रोजनचे वायु यांवर ऊन पडलें म्हणजे ओझोन तयार होतो व तोच डोळे, फुप्फुसें आणि पिकें यांस बाधतो. हा गृहस्थ अननसाच्या स्वादाचा अभ्यास करणारा. शहराच्या रोगाचें निदान त्याच्या हातून व्हावें हें नवलच. इतकें कळूनही अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारला उन्हाळी पेट्रोलच्या बाष्पदाबावर बंधन घालण्यास १९८९ साल उजाडावें लागलें. दरम्यान पेट्रोलांतील शिसें कमी होत गेलें तशी तेलकंपन्यांनीं स्वस्त ब्यूटेनची भर घातली आणि वाफ उलट वाढली होती.

आपल्याकडे लक्ष प्रथम शिशाकडे गेलें. १९९५ सालीं चार महानगरांत बिनशिशाचें पेट्रोल आलें. सबंध देशास तें २००० सालीं मिळालें. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीनें पुढील टप्पे आंखले आणि २०२० च्या एप्रिलांत भारत टप्पा सहा देशभर एकदम लागू झाला. या मानकांत गंधक व बेन्झीन यांवर करडी नजर आहे आणि बाष्पदाबास ६० किलोपास्कलची मर्यादाही आहे. परंतु ऋतूप्रमाणें बदलणारा जो आंकडा आहे, तो गाडी अडूं नये म्हणून बसविलेला: बाष्पदाबाची दहापट आणि ७० अंशांपर्यंत उडून जाणाऱ्या शेंकडा भागाची सातपट यांची बेरीज उन्हाळ्यांत ७५० च्या वर जातां कामा नये, इतर महिन्यांत ९५० च्या.

आणि हा उन्हाळा कोणता? मे ते जुलै. वर्ध्याच्या मनुष्यानें येथें थांबून हंसावें कीं रडावें? आमच्याकडे होळी झाली कीं ऊन भाजूं लागतें, एप्रिलांत पारा चाळिशी ओलांडतो, आणि जुलैंत धाम नदीला पाणी आलेलें असतें. म्हणजे कागदावरचा उन्हाळा आषाढांत चालूं असतो आणि चैत्रांतली आग 'इतर महिन्यांत' मोडते! अखिल देशास एक पंचांग लागतें ही अडचण आम्ही समजूं शकतों. तरी जेथें ऊन अधिक तेथें वाफ अधिक आणि ओझोन करणारी शक्तिही अधिक, हें हागेन-स्मिटच्या शोधानंतर तरी विसरतां येत नाहीं. विदर्भासाठीं मार्चपासून निराळी सीमा ठेवणें कंपन्यांस महाग पडेल. पण अशक्य नाहीं. अमेरिकेंत प्रदेशाप्रमाणें निरनिराळ्या सीमा ठेवलेल्याच आहेत.

इथेनॉलनें या हिशेबांत नवी गुंतागुंत आणली. उंसाच्या मळीपासून काढलेलें हें मद्य दहा टक्के मिसळलें कीं पेट्रोलचा बाष्पदाब सुमारें ७ किलोपास्कलनें चढतो. म्हणून अमेरिकेनें १९९० च्या कायद्यांत आणि नंतर आपणही अशा मिश्रणास सवलत दिली. ऊंस पिकविणाऱ्याचें हित आम्हांस प्रिय आहे. पण त्या सवलतीची किंमत हवा भरते, हें सवलत देतांना कोणी मोठ्यानें बोलत नाहीं.

२०२० सालीं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें पंपावरची वाफ परत खेंचून घेणाऱ्या यंत्राचा नियम केला. लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत महिना ३०० किलोलिटर पेट्रोल खपेल अशा नव्या पंपांस, आणि दहा लाखांवरील शहरांत १०० किलोलिटरांच्या पंपांस, तो लागू आहे. वर्धा आणि हिंगणघाट हीं दोन शहरें २०११ च्या शिरगणतींत लाखाची रेघ जेमतेम ओलांडतात. आर्वी, देवळी, पुलगांव तीपासून फार दूर आहेत.