थंड प्रारंभ (कार्बोरेटर मोटारसायकल)

थंड प्रारंभ म्हणजे अनेक तास बंद राहिल्यामुळे भोवतालच्या हवेइतके थंड झालेले इंजिन सुरू करणे आणि ते पुरेसे तापेपर्यंत सुरळीत चालू ठेवणे होय. यासाठी ‘कोल्ड स्टार्ट’ हा शब्दही रूढ आहे. कार्बोरेटर असलेल्या मोटारसायकलींत या काळात इंजिन उशिरा सुरू होणे, सुरू होऊन लगेच बंद पडणे, ॲक्सिलरेटरची मूठ पिळताच अडखळणे किंवा कार्बोरेटरमधून फटफट आवाज येणे असे दोष आढळतात. इंजिन तापल्यावर ते बहुधा नाहीसे होतात, त्यामुळे दुरुस्ती लांबणीवर पडते किंवा चुकीच्या भागाची होते. बहुतेक वेळा सिलिंडरात पोहोचणारे मिश्रण विरळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी असलेले, असते आणि मूळ दोष चोकमध्ये किंवा कार्बोरेटरच्या पायलट मार्गात सापडतो.

कारणमीमांसा

पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण असून त्याचे घटक साधारणपणे ३० ते २०० अंश सेल्सिअस या पल्ल्यात उकळतात. सिलिंडरात द्रव पेट्रोल पेटत नाही, त्याची हवेत मिसळलेली वाफ पेटते. थंड इंजिनात केवळ हलक्या घटकांची वाफ होते. उरलेले पेट्रोल थेंबांच्या रूपाने इनटेक नळीच्या व सिलिंडरच्या भिंतींवर साचते. पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवेस १ भाग पेट्रोल लागते. कार्बोरेटरने हे प्रमाण अचूक दिले, तरी थंड सिलिंडरातील वाफेचे प्रमाण त्याहून बरेच कमी भरते. ही तूट भरून काढण्यासाठी मुद्दाम अधिक पेट्रोल द्यावे लागते. असे मिश्रण समृद्ध म्हटले जाते.

किक मारताना किंवा स्टार्टर फिरवताना इंजिनाचा वेग कमी असतो. त्यामुळे कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून, म्हणजे व्हेंचुरीतून, जाणाऱ्या हवेचा वेगही कमी राहतो आणि पेट्रोल वर खेचणारी ओढ अपुरी पडते. थंडीत घट्ट झालेले ऑइल इंजिन फिरण्यास विरोध करते व अशक्त बॅटरी ठिणगीही क्षीण करते.

चोकचे प्रकार

मिश्रण तात्पुरते समृद्ध करणाऱ्या यंत्रणेस व्यवहारात सरसकट ‘चोक’ म्हणतात. प्रत्यक्षात तिचे प्रकार वेगळे आहेत आणि प्रत्येकाची वापरण्याची रीतही वेगळी आहे.

पट्टी चोक: कार्बोरेटरच्या तोंडाशी असलेली चकती हवेचा मार्ग जवळजवळ बंद करते. त्यामुळे आतील दाब घटून सर्व जेटमधून अधिक पेट्रोल ओढले जाते. भारतात प्रचलित असलेल्या १०० सीसी वर्गातील अनेक मोटारसायकलींत हा प्रकार आढळतो.

प्लंजर चोक: यात हवा अडवली जात नाही. तरफ किंवा केबल ओढल्यावर एक छोटा दट्ट्या वर उचलला जातो व पेट्रोल आणि हवेचा स्वतंत्र मार्ग खुला होतो. हा मार्ग बंद थ्रॉटलच्या मागील निर्वातावर चालतो. म्हणून सुरू करताना मूठ पिळल्यास निर्वात कमी होतो आणि चोक ओढलेला असूनही निष्प्रभ ठरतो.

टिकलर: जुन्या जावा, येझदी व बुलेट गाड्यांच्या कार्बोरेटरवर ही कळ असे. ती दाबल्यावर फ्लोट खाली जातो, वाटीतील पेट्रोलची पातळी वाढते व गळ्यात जादा पेट्रोल येते.

स्वयंचलित चोक: अनेक स्कूटरांत मेण भरलेला किंवा विजेने तापणारा घटक प्लंजर हळूहळू बंद करतो.

निदान

कार्बोरेटर उघडण्यापूर्वी बाहेरून केलेल्या काही चाचण्यांनी दोषाची जागा बरीच निश्चित करता येते.

चोकची चाचणी: इंजिन तापलेले असताना मंदगतीवर चोक पूर्ण ओढावा. चोक कार्यरत असल्यास इंजिनाचा आवाज लगेच बदलतो. ते जड होते किंवा बंद पडते. काहीच फरक न पडल्यास चोकचा मार्ग बुजलेला आहे किंवा केबल दट्ट्या उचलत नाही, असे समजावे.

चोकवरील अवलंबन: तापलेले इंजिनही अर्धा चोक ओढल्याखेरीज चालत नसेल, तर चोक ठीक असून मूळ मिश्रण विरळ आहे. पायलट जेट बुजणे किंवा कार्बोरेटरनंतर बाहेरची हवा शिरणे ही त्याची प्रमुख कारणे होत.

प्लगचा रंग: पांढुरका प्लग विरळ मिश्रण दर्शवतो, कोरडी काजळी समृद्ध मिश्रण दर्शवते. पेट्रोलने ओला झालेला प्लग इंजिन ‘ओव्हर’ झाल्याचे किंवा ठिणगी पडत नसल्याचे लक्षण आहे.

दोषाची वेळ: गाडी सहज सुरू होऊन काही मिनिटांच्या प्रवासानंतर मंदगतीवर बंद पडत असेल आणि थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा ठीक चालत असेल, तर पुढे वर्णिलेल्या बर्फ साचण्याचाही विचार करावा लागतो.

दुरुस्ती

दुरुस्ती साध्या व स्वस्त कामापासून सुरू करून क्रमाने खोलवर नेणे श्रेयस्कर ठरते.

१. इंधन: महिनोन्‌महिने साठलेल्या पेट्रोलमधील हलके घटक उडून जातात आणि नेमके तेच थंड प्रारंभास आवश्यक असतात. फ्लोटच्या वाटीखालील स्क्रू सैल करून जुने पेट्रोल काढावे. तळाशी पाण्याचे थेंब किंवा गंज दिसल्यास टाकी व पेट्रोल कॉकची जाळीही स्वच्छ करावी लागते.

२. चोक: केबलला थोडी ढिलाई असावी. ती फार ढिली असल्यास दट्ट्या पूर्ण उघडत नाही. फार ताणलेली असल्यास तो पूर्ण मिटत नाही व तापलेले इंजिन पेट्रोल अधिक खाते. वाटीत असलेले चोकचे बारीक छिद्र साफसफाईत हमखास राहून जाते.

३. पायलट जेट: मूठ बंद ते सुमारे एक अष्टमांश उघडी असेपर्यंत मिश्रणावर मुख्यतः याच मार्गाचे नियंत्रण असते. त्यापुढे थ्रॉटलच्या स्लाइडचा छेद, मग सुई आणि अखेरच्या चतुर्थांशात मुख्य जेट प्रभावी होतो. म्हणून थंड इंजिनाच्या तक्रारीवर मुख्य जेट मोठा बसवण्याचा उपाय व्यर्थ ठरतो. दोष तसाच राहतो आणि वेगात पेट्रोलचा खप वाढतो. पायलट जेटचे छिद्र केसाइतके बारीक असल्याने वाळलेल्या पेट्रोलच्या चिकट थराने ते सहज बुजते. ते कार्बोरेटर क्लीनर व दाबाच्या हवेने साफ करावे. पोलादी तार घातल्यास पितळी छिद्र मोठे होऊन जेट निकामी होतो.

४. हवेची गळती: कार्बोरेटर व सिलिंडर हेड यांमधील रबराला चिरा पडल्यास किंवा ओ-रिंग चपटी झाल्यास जादा हवा आत शिरते. गॅरेजमध्ये याला ‘कार्बोरेटर हवा घेतो’ असे म्हणतात. जोडावर साबणाचे पाणी शिंपडल्यावर मंदगती बदलल्यास गळतीची जागा कळते.

५. मिश्रण स्क्रू: हा स्क्रू स्लाइडच्या एअर फिल्टरकडील बाजूस असल्यास तो हवा नियंत्रित करतो व बाहेर फिरवल्यास मिश्रण विरळ होते. इंजिनाकडील बाजूस असल्यास तो पेट्रोल नियंत्रित करतो व बाहेर फिरवल्यास मिश्रण समृद्ध होते. हा भेद न जाणता केलेली जुळवणी उलटी पडते. स्क्रू काढण्यापूर्वी तो हलकेच आत बसेपर्यंत किती फेरे होतात, ते मोजून ठेवावे. अंतिम जुळवणी इंजिन पूर्ण तापल्यावरच करतात.

६. कार्बोरेटरबाहेरील कारणे: टॅपेटची फट कमी झाल्यास व्हॉल्व्ह नीट मिटत नाहीत आणि थंड इंजिनाचे कॉम्प्रेशन घटते. असे इंजिन अनेकदा कार्बोरेटरच्या दोषासारखीच लक्षणे दाखवते. टॅपेटची फट इंजिन थंड असतानाच मोजतात. जुना प्लग, सैल प्लग कॅप, उतरलेली बॅटरी आणि शिफारशीपेक्षा घट्ट ऑइल हीही कारणे तपासावी लागतात.

हवामान, उंची आणि इंधन

महाराष्ट्रात ही तक्रार प्रामुख्याने हिवाळ्यातील पहाटेची आहे. नाशिक जिल्ह्यातील निफाडसारख्या भागात किमान तापमान एक अंकी होते, तेव्हा उन्हाळ्यात न जाणवलेला किरकोळ दोष उघड होतो. हिमालयात मात्र परिस्थिती दुहेरी असते. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेह येथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास दोनतृतीयांश असतो. विरळ हवेमुळे कार्बोरेटरचे मिश्रण आपोआप समृद्ध होते, तर थंडीमुळे चोकचीही गरज भासते. अशा ठिकाणी चोक फार वेळ ओढून ठेवल्यास इंजिन लवकर ओव्हर होते.

दमट हवेत तापमान शून्याच्या काही अंश वर असताना कार्बोरेटरमध्ये बर्फ साचू शकतो. पेट्रोलची वाफ होताना उष्णता शोषली जाते, गळा गोठणबिंदूखाली जातो व हवेतील बाष्प पायलट छिद्रांजवळ गोठते. यासाठी थंड देशांत विकल्या जाणाऱ्या काही मोटारसायकलींच्या कार्बोरेटरना छोटे विद्युत तापक बसवलेले असत.

भारतात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने अशा इंधनाला सुमारे १३.५ भाग हवा पुरते. परिणामी जुन्या पेट्रोलसाठी जुळवलेल्या कार्बोरेटरचे मिश्रण काहीसे विरळ पडते. इथेनॉल पाणी शोषते, म्हणून दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या गाडीची वाटी रिकामी ठेवणे हितकारक असते.

सुरक्षितता

बंद खोलीत, जिन्याखाली किंवा शटर लावलेल्या गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून तापवू नये. समृद्ध मिश्रणाच्या अपूर्ण ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो. हा वायू गंधहीन असून प्राणघातक ठरू शकतो. गळती शोधण्यासाठी चालू इंजिनावर पेट्रोल किंवा ज्वलनशील फवारा मारल्यास आग लागण्याचा धोका असतो. चोक गरजेपेक्षा अधिक काळ ओढून ठेवल्यास सिलिंडरच्या भिंतीवरील ऑइलचा थर पेट्रोलने धुतला जातो व पिस्टनच्या रिंगा झिजतात. उभ्या गाडीचे इंजिन दीर्घकाळ तापवत ठेवण्याऐवजी ते स्थिर होताच कमी वेगाने चालवणे योग्य मानले जाते.

सद्यस्थिती

१ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ ही उत्सर्जन मानके लागू झाल्यानंतर बहुतेक नव्या मोटारसायकलींत इंधन अंतःक्षेपण प्रणाली आली. तीत संवेदक इंजिनाचे तापमान मोजतो व संगणकीय नियंत्रक त्यानुसार पेट्रोल वाढवतो, त्यामुळे वेगळ्या चोकची गरज उरत नाही. त्यापूर्वीच्या कार्बोरेटर गाड्या मात्र आजही मोठ्या संख्येने वापरात आहेत आणि त्यांच्या देखभालीत थंड प्रारंभाचे निदान हे नेहमीचे काम आहे.