नळीच्या अंतरंगाचा इतिहास

तलवारीची परीक्षा तिच्या धारेवरून होते, भाल्याची त्याच्या फाळावरून. बंदुकीची परीक्षा मात्र तिच्यातील पोकळीवरून करावयाची असते. नळीचा आतला पृष्ठभाग सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही, म्हणून इतिहासाच्या पुस्तकांतही त्यास फारसे स्थान मिळाले नाही. तथापि तो गुळगुळीत असावा की चरे पाडलेला असावा आणि तो कोणत्या वंगणाने राखावा, या प्रश्नांनी हिंदुस्थानच्या इतिहासास एकदा मोठीच कलाटणी दिली आहे.

इचलकरंजीसारख्या विणकरांच्या गावी घासलेल्या पृष्ठभागाचे महत्त्व कोणास पटवून देण्याची आवश्यकता नाही. धोट्याला एवढीशी कूस राहिली तरी ताण्याचे धागे तुटू लागतात, हे तेथील पोरासोरांसही ठाऊक असते. १९०४ साली या गावी पहिला यंत्रमाग आला व पुढे त्याच धंद्याने गावाचे नाव सर्वत्र झाले. परंतु त्यापूर्वीची त्याची ओळख लढवय्या जहागिरीची होती. सेनापती संताजी घोरपडे यांच्या पदरी उदयास आलेल्या नारो महादेव यांनी कृतज्ञतेने धन्याचे आडनाव धारण केले. त्यांचे पुत्र व्यंकटराव हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचे जावई, म्हणजे अनुबाईंचे पती. १७३९ साली उत्तरेस वसईची मोहीम चालू असता हेच व्यंकटराव दक्षिणेस गोव्याच्या साष्टी प्रांतात शिरले व त्यांनी मडगाव घेतले.

त्या काळचे पायदळ तोड्याच्या बंदुका वापरीत असे. लोखंडाची लांब पट्टी सळईभोवती मळसूत्राप्रमाणे गुंडाळावयाची, तापवून व ठोकून तिचे सांधे एकजीव करावयाचे, आणि मग आतील भाग कोरून व घासून साफ करावयाचा, अशी नळी घडविण्याची एक प्रसिद्ध रीत होती. सांधा कच्चा राहिला तर नळी फुटून बंदूकवाल्याच्याच जिवावर बेते. नळी घडविणे हे लोहाराचे काम; ती राखणे हे मात्र बाळगणाऱ्याचे. काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन राखेच्या रूपाने मागे राहतो. ही राख हवेतील ओल शोषून घेते आणि लोखंडास गंज चढविते. पावसाळी मुलखात तर एका रात्रीत हे काम होते. या राखेतील क्षार पाण्यात विरघळतात, म्हणून नळी प्रथम ऊन पाण्याने धुवावयाची, गजास चिंधी बांधून कोरडी करावयाची आणि मगच तेलाचा हात फिरवावयाचा. पाण्याआधी तेल लावले तर क्षार आतच राहतात.

गुळगुळीत नळीत एक उणीव होती. गोळी सैल बसे, आतल्या आत आपटत बाहेर पडे आणि दूरवरचा नेम साधत नसे. नळीत मळसूत्री चरे पाडले तर गोळी स्वतःभोवती फिरत जाते व सरळ जाते, ही गोष्ट युरोपात फार पूर्वीपासून ठाऊक होती. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने अठराव्या शतकाच्या मध्यास तिची शास्त्रीय मीमांसाही केली. अडचण एवढीच की, चऱ्यांत घट्ट बसणारी गोळी तोंडाकडून ठासताना फार वेळ लागे, आणि चार बार झाल्यावर राखेने चरे भरून जात. १८४९ साली मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याने ही अडचण दूर केली. त्याची गोळी नळीहून किंचित बारीक असे, परंतु बार उडताच तिचा पोकळ बुडखा फुगून चऱ्यांत बसे.

याच तत्त्वावर १८५३ ची एन्फील्ड रायफल निघाली. तिच्या नळीत तीन चरे होते. गोळी सुलभ जावी आणि आतील राख मऊ राहावी म्हणून काडतुसाच्या कागदास चरबीयुक्त वंगण लावीत. काडतूस दातांनी तोडावयाचे असे. नळीच्या दृष्टीने ही योजना निर्दोष होती. ते काडतूस तोंडात धरणाऱ्या शिपायाचा विचार मात्र त्या योजनेत नव्हता. गाय व डुक्कर यांच्या चरबीची वार्ता पसरल्यावर, १८५७ च्या जानेवारीत, शिपायांनी आपापले वंगण लावावे अशी मुभा देण्यात आली. पुढे दातांऐवजी हातांनी तोडण्याची कवाईतही निघाली. परंतु तोवर कागदाच्या चकाकीचाही संशय येऊ लागला होता. गमावलेला विश्वास सवलतीने परत आला नाही.

उठावाची कारणे अनेक होती. काडतूस ही ठिणगी होय. ती ज्वाला कोल्हापुरासही पोहोचली. ३१ जुलै १८५७ च्या रात्री तेथील सत्ताविसाव्या मुंबई देशी पायदळ पलटणीतील शिपाई उठले. ऑगस्टमध्ये कर्नल जेकब याने त्या पलटणीची शस्त्रे काढून घेतली. डिसेंबरात शहरात पुन्हा उठाव झाला, आणि महाराजांचे बंधू चिमासाहेब यांस कराचीस धाडण्यात आले.

यानंतर सरकारने जे केले ते अधिक बोलके आहे. हिंदी शिपायांसाठी १८५८ पासून एन्फील्डच्याच घडणीच्या, पण चरे नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुका करविण्यात आल्या. बाहेरून पाहणारास दोन्ही सारख्याच. भेद होता तो आत. गोऱ्या सैनिकाची गोळी दूरवर नेमकी जावी, हिंदी शिपायाची जाऊ नये, हा त्यातील हेतू. कारागिरीत गुळगुळीतपणा हा गुण समजतात. येथे तो अविश्वासाचा शिक्का ठरला. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने सामान्य प्रजेस तर परवान्यावाचून बंदूक बाळगणेच अशक्य केले.

पुढे धूरविरहित दारू आली, तरी जुन्या काडतुसांच्या टोपीतील मसाल्याचा क्षार नळीत राहतच असे आणि फौजेत उकळते पाणी ओतण्याची चाल टिकून राहिली. आज नेमबाजीच्या उत्तम नळ्यांस शेवटचा हात माणसाचाच लागतो. नळीतच शिसे ओतून चऱ्यांच्या मापाचा दट्ट्या करतात आणि त्यास बारीक घर्षक भुकटी व तेल लावून तो मागेपुढे सरकवितात. साफसफाईचा अतिरेकही घातकच: गज तोंडाकडून खुपसल्यास नळीची कडा झिजते, आणि गोळीचा अखेरचा स्पर्श त्या कडेलाच होत असतो. पन्नास मीटरवरील निशाणाचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे. तेथे केसभर दोषही क्षम्य नसतो.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे याच अंतरावर जागतिक अजिंक्यपद मिळविले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळविले, तो दिवस १ ऑगस्ट २०२४. कोल्हापूरच्या शिपायांचा उठाव होऊन त्या दिवशी १६७ वर्षे आणि एक दिवस झाला होता. ज्या मुलखातील शिपायाच्या हाती चऱ्यांची नळी देण्यास एकेकाळी सरकार कचरत होते, त्याच मुलखाच्या पुत्राने तीच नळी जगासमोर खांद्याला लावली. नळी कशाने राखावी हे धातुशास्त्र सांगते; ती ज्याच्या हाती द्यावयाची त्याच्यावर विश्वास कसा ठेवावा, हे राज्यकर्त्यांना इतिहासाकडूनच शिकावे लागते.