पेनिसिलिनचे स्फटिक: पिंपरीपासून वडूजपर्यंत

पेनिसिलिनच्या इतिहासात दोन प्रसंगांना मानाचे स्थान मिळाले आहे. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना बुरशीच्या जंतुघ्न गुणाचा शोध लागला, हा पहिला; आणि १९४० च्या सुमारास फ्लोरी, चेन व त्यांच्या ऑक्सफर्ड येथील सहकाऱ्यांनी त्या बुरशीच्या द्रवातून औषध सिद्ध केले, हा दुसरा. भारतापुरता तिसरा प्रसंग १९५४ मध्ये पिंपरी येथे स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कारखान्याचा होय. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने उभारलेल्या या कारखान्यात १९५५ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. या वृत्तान्तात स्फटिकीभवनाचा टप्पा मात्र सहसा ओझरता येतो. वास्तविक हे औषध कोणाकोणापर्यंत जाऊ शकेल, याचा निर्णय बऱ्याच अंशी याच टप्प्यावर झाला.

त्या दृष्टीने वडूजसारखे गाव लक्षात घेण्याजोगे आहे. सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्याचे हे मुख्य ठिकाण येरळेच्या काठी वसले आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा प्रदेश अवर्षणप्रवण असून तेथील उन्हाळा कडक असतो. पुणे-मिरज लोहमार्ग कोरेगाव, रहिमतपूर असा पश्चिमेकडून निघून जातो; वडूजला तो शिवत नाही. अशा ठिकाणी औषध न्यावयाचे, तर त्याने मोटारीचा प्रवास आणि बर्फावाचूनचा मुक्काम सोसला पाहिजे.

आरंभीच्या पेनिसिलिनच्या अंगी हा गुण नव्हता. ते पिवळसर, अस्फटिक भुकटीच्या रूपात मिळे. त्यात परकी द्रव्ये मिसळलेली असत. हवेतील ओल ते शोषून घेई, आणि ओल लागली की त्याची शक्ती क्षीण होई. म्हणून ते थंड जागी ठेवावे लागे. १९४३ मध्ये अमेरिकेत स्क्विब संस्थेतील विंटरस्टायनर व मॅकफिलामी यांनी त्याचा सोडियम क्षार स्फटिकरूपात मिळवला. स्फटिकात एकाच जातीचे रेणू ठरावीक रचनेने बसतात. परक्या रेणूंना तीत सहसा थारा मिळत नाही. त्यामुळे असा क्षार शुद्ध तर होतोच, शिवाय कोरडा राहिला तर सामान्य तापमानातही दीर्घकाळ टिकतो. अशाच स्फटिकांवरील क्ष-किरणांच्या अभ्यासाने डोरोथी हॉजकिन यांनी १९४५ मध्ये पेनिसिलिनच्या रेणूची रचना निश्चित केली.

या क्रियेचे मर्म मराठी घराला अपरिचित नाही. कढवलेले तूप न ढवळता सावकाश निवू दिले, तर ते रवाळ होते. घाईने थंड केले, तर रवा बारीक पडतो. संस्कृतातील ‘शर्करा’ या शब्दाचा मूळ अर्थही खडा किंवा वाळू असाच आहे. पदार्थाची ओळख त्याच्या दाण्यावरून पटवण्याची ही दृष्टी भाषेत पुरातन आहे. शास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे, तर द्रावण प्रथम अतिसंपृक्त व्हावे लागते. मग त्यात सूक्ष्म केंद्रके जन्मतात आणि त्यांच्यावर पदार्थाचे थर चढत जातात. अतिसंपृक्तता एकाएकी वाढली, तर असंख्य केंद्रके निर्माण होऊन दाणा बारीक राहतो. ती हळूहळू वाढवून तयार स्फटिकांचे थोडे बी घातले, तर दाणा मोठा व एकसारखा होतो. थंड करण्याचा वेग, ढवळणे, द्रावकाची निवड आणि बी घालण्याची वेळ ही नियंत्रणाची साधने होत.

पेनिसिलिनच्या बाबतीत या कामाला घाईचीही जोड असते. बुरशीचा गाळलेला द्रव आम्ल करून त्यातील पेनिसिलिन ब्यूटिल ॲसिटेटसारख्या द्रावकात ओढून घेतात. आम्लात ते झपाट्याने नासते, म्हणून ही क्रिया थंडाव्यात व त्वरेने उरकावी लागते. पुढे पोटॅशियम ॲसिटेट मिसळले, की पोटॅशियम क्षाराचे स्फटिक खाली बसतात.

तथापि टिकाऊपणाने अर्धाच प्रश्न सुटला. पाण्यात विरघळवून टोचलेले पेनिसिलिन शरीरातून लवकर बाहेर पडते. त्यामुळे दर तीन-चार तासांनी सुई द्यावी लागे. रुग्णालयात खाट मिळालेल्या रोग्यालाच हे साधणारे होते. १९४० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात प्रचारात आलेल्या प्रोकेन पेनिसिलिनने ही अडचण दूर केली. त्याचे स्फटिक पाण्यात फार कमी विरघळतात आणि स्नायूत राहून सावकाश झिजतात. दिवसातून एक सुई अनेक रोगांत पुरते. मात्र येथे दाण्याचा आकार सांभाळावा लागतो. दाणा भरड झाला, तर सुई तुंबते. फार बारीक झाला, तर ते मिश्रण दाट होते आणि औषध शोषले जाण्याची गतीही बदलते. वाडीवरून दवाखान्यात येऊन त्याच दिवशी घरी परतणाऱ्या शेतकऱ्याला उपचार पुरा करणे शक्य झाले, ते या दाण्यामुळे.

स्फटिकावरील ही सत्ता कायमची नसते. १९९६ मध्ये विक्रीस आलेल्या रिटोनाविर या एड्सवरील औषधात १९९८ मध्ये अनपेक्षितपणे निराळ्या रचनेचे, कमी विरघळणारे स्फटिक प्रकटले आणि त्याच्या कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. रेणू तोच होता. त्याची मांडणी तेवढी बदलली होती.

स्फटिकाने पेनिसिलिन खेड्यात पोहोचवले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यासाठी रस्ता, वैद्य, निर्जंतुक सुई आणि परवडणारी किंमतही हवी होती. परंतु या साऱ्या गोष्टी असूनही औषध वाटेतच निकामी झाले असते, तर त्यांचा उपयोग नव्हता. म्हणून पिंपरीचा इतिहास लिहिताना किण्वनाच्या टाक्यांइतकेच लक्ष स्फटिकपात्रांकडेही देणे अगत्याचे आहे.