सेंट जोसेफ म्हणजे नेमके कोण?

आपल्या सोलापुरात सेंट जोसेफ शाळा सगळ्यांना ठाऊक. पण हे जोसेफ कोण? येशूला लहानाचा मोठा करणारे सुतार. चारही शुभवर्तमानांत त्यांच्या तोंडी एकही वाक्य नाही! पण बारा वर्षांचा येशू जेरुसलेमात हरवला, तेव्हा हाच बाप मरियेसोबत त्याला शोधत फिरला. तीन दिवसांनी पोरगं मंदिरात सापडलं.

१९५५ साली पोप बारावे पायस यांनी १ मे, म्हणजे कामगारदिनीच, ‘कामगार संत जोसेफ’ यांचा सण ठरवला. १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली, तेव्हापासून भोंग्यावर जगलेल्या आपल्या गावाला असा बाप परका नाही. पाळीवरून दमून आलेला माणूस उपदेश कुठून करणार? पोरं त्याचं वागणं बघूनच शिकली.

मला वाटतं, आज आपण पोरांना सांगतो फार. त्यांना शोधायला मात्र वेळ काढत नाही.